मालकांची मोबाईल भिशी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. आमच्या घरमालकांचा तो महागडा फोन गच्चीच्या कठड्यावरून खाली फरशीवर पडला, तो माझ्यामुळे पडला. मालकांना वाटतं, त्यांच्याच हातून गेला. सगळ्या बिल्डिंगला तसंच वाटतं. त्या वेळी मी गच्चीवर होतो हेही सगळ्यांना माहीत आहे, तरी कुणाचा संशय माझ्यावर टिकला नाही. न बोलणाऱ्या माणसाबद्दल लोकांचं उगाच चांगलं मत असतं. त्या मताच्या जोरावर मी पन्नाशी ओलांडली.

कबुली द्यायची म्हणून मालकांना देवमाणूस करून टाकावं, असं मात्र माझ्या मनात नाही. माणूस छळवादी होता. फक्त तो छळ नियमात बसवून करायचा, त्यामुळे तक्रार करायला जागा राहायची नाही.

मालक एका सरकारी खात्यातून निवृत्त झाले. तिथं त्यांचं काम एकच, खात्यातल्या माणसांच्या चौकशा करायच्या. कुणाच्या जीपला डिझेल जास्त लागलं, कुणाच्या घराला सरकारी सिमेंटचा वास येतो, हे हुडकण्यात त्यांची उमर गेली. निवृत्त झाल्यावर चौकशीला माणसं उरली नाहीत, आणि आम्ही भाडेकरू आयतेच घरात होतो. सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या गल्लीत त्यांची तीन मजली बिल्डिंग. तळाला अंबादास, टॉवेलचा धंदा करणारा, बोलका आणि अंगानं भरलेला. पहिल्या मजल्यावर एका बाजूला नसीमभाभी, ब्लाऊज शिवून देणाऱ्या, आणि दुसऱ्या बाजूला मी आणि माझी बायको. मी पेठेतल्याच एका साडीच्या दुकानात हिशेब लिहितो, म्हणून मालक मला नावानं न बोलावता ‘अकौंटंट’ म्हणायचे. वरच्या मजल्यावर ते एकटे. बायको वारलेली, मुलगी जेऊरला दिलेली.

मालकांकडं दोन मराठ्या होत्या. चौकशीची मराठी फायलीतली, ‘आपण’ आणि ‘सदरहू’वाली. राग आला, किंवा खरंच काही वाटलं, की मूळची सांगोल्याची बाहेर यायची. माणूस कोणत्या मराठीत बोलतोय त्यावरून जिन्यात थांबायचं की सटकायचं, हे आम्ही ठरवायचो.

फोन त्यांनी घेतला तो पुराव्यासाठी. असं ते स्वतःच सांगायचे. त्यांची स्कूटर विकून जी किंमत आली असती, तिच्या कितीतरी वरचा फोन. का, तर त्याचा कॅमेरा अंधारातही स्पष्ट काढतो. आणि अंधारात काय काढायचं? जिन्यात सोडलेल्या चपला. मालक चपलेचा फोटो काढायचे, दार वाजवायचे आणि फोटो दाखवून विचारायचे, “सदर चप्पल आपली आहे काय?”

“व्हय मालक,” अंबादास म्हणायचा, “पण ती आत्ता माझ्या पायात हाय की. बघा.”

“मी सकाळच्या परिस्थितीबाबत विचारतो आहे.”

फोनला त्यांनी कुलूप घातलं नव्हतं, ना आकडे ना बोट. कुलूप कुणासाठी लावायचं, असं विचारायचे. त्यांच्या वस्तूला हात लावायची कुणाची टाप नाही, हे त्यांना ठाऊक होतं. रोज संध्याकाळी ते त्या फोनला गच्चीवर ‘वारा द्यायचे’. दिवसभर तापलेलं यंत्र, त्याला गादीसारखं उन्हावाऱ्यात टाकलं पाहिजे, असा त्यांचा सिद्धांत. कठड्याच्या माथ्याला पाणी वाहून जावं म्हणून बाहेरच्या बाजूला उतार दिलेला आहे. म्हणून तिथं ते आधी अंबादासनं दिलेला एक जाड टॉवेलचा तुकडा घडी घालून ठेवायचे, हातानं दाबून सपाट करायचे, आणि मग त्यावर फोन. एवढं जपून तर आमच्याकडं कुणी देव्हाऱ्यात गणपतीही ठेवत नाही.

फोन घेतला तेव्हा मी बरोबर होतो. पैशाचा व्यवहार, अकौंटंट सोबत पाहिजे. दुकानातल्या माणसानं खोकं बांधता बांधता विम्याचं पत्रक पुढं सरकवलं.

“काका, हाही घेऊन टाका. रोजचा एका चहाचा खर्च पडतो.”

“मी चहा पीत नाही.”

“मग पेपरचा धरा.”

“पेपर मी यांचा वाचतो,” मालकांनी माझ्याकडं बोट केलं. “चोरी धरलीय का ह्यात?”

“धरलीय की. फक्त जबरदस्तीनं नेलेला पाहिजे. नुसता हरवला, कुठं विसरला, तर नाही मिळत.”

“म्हणजे चोरानं मला मारलं पाहिजे.”

“मारलंच पाहिजे असं नाही काका.”

“मग किती? ढकललं तर चालतंय का?”

मागं उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांनी हसायला सुरुवात केली. मालकांना लोकांच्या हसण्याची सवय होती. ते पत्रक वाचत राहिले.

“द्रवपदार्थात पडल्यास भरपाई, असं लिहिलंय. शेंगाचटणीत पडला तर?”

“चटणी कोरडी असती काका.”

“आम्ही तेल घालून खातो. तेल वर, चटणी खाली, फोन मध्ये रुतला. आता सांगा, ह्याला द्रव धरायचं का घन?”

त्या माणसानं शेवटी कंपनीच्या नंबरला फोन लावला. बराच वेळ बासरी वाजत राहिली. मग पलीकडच्या बाईनं हिंदीत विचारलं की, चटणी ही फोनच्या खोक्यासोबत मिळालेली वस्तू आहे का. मालकांनी पत्रक परत केलं. मात्र ते परत करण्याआधी त्यातलं बारीक अक्षर उभ्या उभ्या वाचून काढलं होतं. फोन जुना होईल तशी रक्कम कापणार, शिवाय पहिला वाटा आपण सोसायचा, शिवाय फाईलचा खर्च वेगळा.

“म्हणजे फुटायचा असला तर आजच फुटला पाहिजे,” ते म्हणाले. “उद्या फुटला की कंपनीचा फायदा.”

मग स्वस्त विमा शोधायला ते निघाले, आणि मला बरोबर ओढलं. त्या उन्हाळ्यात सोलापुरात फोनचा विमा विकणारी जेवढी ठिकाणं असतील, त्या सगळ्या ठिकाणच्या पंख्याखाली मी बसलो आहे. सगळीकडं तोच प्रकार, जिथं हप्ता कमी तिथं अटी जास्त. एक ओळखीचा आयुर्विम्याचा एजंट घरीच आला. तो म्हणाला, “मालक, ह्या वयात फोनचा कसला विमा काढता, तुमचा काढा की.”

मालक म्हणाले, “मी फुटलो तर दुरुस्त होत नाही. फोन होतो. पैसे कशावर लावायचे?”

एजंटानं चहा अर्धा सोडला.

शेवटी त्यांनी स्वतःचीच विमा कंपनी काढली. भिशी आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे, दर महिन्याला सगळ्यांनी टाकायचं आणि आळीपाळीनं एकानं उचलायचं. मालकांनी त्यात एकच बदल केला. ज्याचा फोन फुटेल त्यानं उचलायचं. “हप्ता आपला, पैसा आपला, चौकशीबी आपलीच,” असं ते रविवारी गच्चीवर आम्हाला म्हणाले, आणि ‘चौकशी’ हा शब्द उच्चारताना त्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो मी विसरणार नाही. निवृत्तीनंतर त्या दिवशी ते परत कामावर रुजू झाले.

गंमत हप्त्यांची होती. कंपन्या फोनच्या किमतीवर हप्ता ठरवतात. मालक म्हणाले, हे चूक आहे, फोन काय किमतीमुळं फुटत नाही. त्यांनी काही दिवस आम्हाला नुसतं निरखलं आणि मग प्रत्येकाच्या स्वभावावर हप्ता लावला. अंबादासला भरपूर लावला, कारण तो हसताना सगळ्या अंगानं हसतो आणि हातातली वस्तू कुठं आहे याचं त्याला भान राहत नाही. नसीमभाभींना मध्यम, कारण फोन शिवणाच्या पेटीत कापडात ठेवतात, पण दिराशी बोलताना हात फार हलवतात.

“कायकू मालक, दीर तो मुंबईमें रहता,” भाभी म्हणाल्या. “महिन्यातून एकदाच बोलती मी.”

“एकदाच बोलता, पण लई हलवता,” मालक म्हणाले.

आणि सगळ्यात कमी हप्ता मला. कारण जाहीरपणे सांगितलं. हा माणूस बोलत नाही, तावातावानं काही करत नाही, ह्याच्या हातात फोन असला काय आणि देवाचा अंगारा असला काय, सारखाच.

खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडलं. घरी येऊन मी बायकोला दोनदा सांगितलं. तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं आणि भाकरी उलटली.

भिशी चालली मात्र चोख, हे सांगायलाच पाहिजे. अंबादासचा फोन रंगाच्या पिंपात पडला आणि गुलाबी होऊन वर आला, तेव्हा मालकांनी पिंपात स्वतः हात घालून खोली पाहिली, अंबादासला पिंपावर वाकायला लावलं, पुन्हा हसायला लावलं, खिशातून काय काय पडतं ते बघितलं, आणि त्याच रविवारी पैसे त्याच्या हातावर ठेवले. पुढचे काही दिवस मालकांचा हातही कोपरापर्यंत गुलाबी होता आणि ते तो लपवत नव्हते. भाभींचा फोन हप्त्यावर घेतलेला, मोठ्या पडद्याचा. ब्लाऊजच्या गळ्यांचे, आरीवर्कचे फोटो त्यावरून गिऱ्हाइकांना जायचे आणि ऑर्डरी त्यावरच यायच्या. त्या मला एकदा म्हणाल्या, “भाईसाब, पहले रात को झोप नव्हती लागत, फुटा तो क्या करना म्हणून. आता लागती.” मालकांच्या सगळ्या चक्रमपणातून एवढं एक खरं निघालं होतं.

मग माझा फोन फुटला.

मी सांगितलं की स्टुलावरून पडला. मालक खाली आले ते टेप, साबणाची वडी आणि टॉवेल घेऊन. वडी टॉवेलात गुंडाळून त्यांनी माझ्या फोनाएवढं वजन केलं आणि स्टुलावरून खाली सोडलं. परत सोडलं. वाकून पडलेल्या वडीकडं बघत राहिले. मग उठले आणि भिंतीकडं गेले.

“हे कॅलेंडर आपण कधी लावलं?”

“आजच.”

“एवढ्या खाली? तारीख बघायला वाकावं लागेल.”

त्यांनी कॅलेंडर उचललं. खाली गिलावा उडाला होता, छातीच्या उंचीवर, फोनच्या कोपऱ्याएवढा. मी स्टूल उचलून जागेवर ठेवलं. न बोलणं ही माझी जन्माची सवय. त्यांनी फोन काढला, आवाज टिपायचं बटण दाबलं आणि माझ्या बायकोसमोर धरला. सगळ्यांचे जबाब ते असेच घ्यायचे.

“ताई, सदर फोन कसा फुटला?”

माझी बायको माझ्याकडं न बघता म्हणाली, “ह्यांनी फेकला.”

“कशावर?”

“भिंतीवर. मी भिंतीपाशीच होते. मला लागला असता.”

मालकांनी बटण दाबून आवाज बंद केला. रविवारी गच्चीवर निकाल वाचला. रागाच्या भरात फेकलेली वस्तू हा अपघात नव्हे, सबब मागणी नामंजूर. हप्ता वाढवून सगळ्यात जास्त. अंबादासच्याही वर. अंबादास त्या दिवशी हसला नाही, ते मला जास्त लागलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी गिळलं असतं. पण मालकांना तो जबाब फार आवडला. त्यांच्या मते ती आदर्श चौकशी होती. शेजारच्या गल्लीतली दोन-तीन माणसं भिशीत यायचं म्हणत होती, तर मालकांनी त्यांना नमुना म्हणून तो जबाब ऐकवला. जिन्यात. मी पायऱ्या चढत होतो आणि वरून माझ्या बायकोचा आवाज आला, ‘मला लागला असता.’ मालकांनी मला बघितलं आणि म्हणाले, “या अकौंटंट, तुमचंच चाललंय.” त्यात दुष्टपणा नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं की त्यात माझं काही गेलं. चौकशी चांगली झाली की सगळे समाधानी असतात, असा त्यांचा समज. खात्यात बहुधा त्यांना खरं कुणी सांगितलंच नसावं.

म्हणून पुढच्या रविवारी मी सगळ्यांच्या आधी गच्चीवर गेलो. फोन कठड्यावर टॉवेलच्या घडीवर वारा खात पडला होता. मालक खुर्च्या आणायला खाली गेलेले. मी फोन उचलला. कुलूप नव्हतंच. जबाबांची यादी निघाली, माझं नाव सापडलं. पुसून टाकायचं दाबलं, तर फोननं विचारलं, नक्की पुसायचं का. तेवढ्यात जिन्यात खुर्ची घासल्याचा आवाज आला आणि मी घाबरलो. फोन कठड्यावर ठेवला आणि टाकीमागं सरलो, दोरीवरचे कपडे काढत असल्यासारखा. फोन ठेवताना घडीकडं बघितलंच नाही. उघड्या सिमेंटवर, त्या उतारावर ठेवला.

फोन घसरताना आवाज आला नाही. खाली पोचल्यावर आला.

नसीमभाभी खालच्या मजल्यावरून ओरडल्या, “या अल्ला, किसका गिर्‍या?” मालक हातात खुर्ची घेऊन कठड्यापाशी आले. टॉवेलची घडी जागच्या जागी, सपाट. फोन खाली. त्यांनी खुर्ची सावकाश टेकवली, घडीवर हात ठेवला, आणि हात तसाच ठेवून उभे राहिले.

“अकौंटंट, तुम्ही काय पाहिलं?”

मी टाकीमागून बाहेर आलो. “मी कपडे काढत होतो मालक. मला नाही दिसलं.”

अंबादास वर आला होता. तो म्हणाला, “मालक, वर हाच एकटा होता. नीट विचारा की ह्याला.”

“विचारलं,” मालक म्हणाले. “एकदा खोटं बोलून सापडलेला माणूस हाय त्यो. परत न्हाय बोलायचा.”

फोन दुरुस्त झाला नाही. आतलंही काही परत मिळालं नाही, म्हणजे मला हवं होतं ते झालं.

पुढच्या रविवारी मालकांनी स्वतःची चौकशी केली. गच्चीवर दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. चौकशी अधिकारी म्हणून एका खुर्चीवर बसायचे, प्रश्न विचारायचे, मग उठून समोरच्या खुर्चीवर जाऊन उत्तर द्यायचे. अधिकाऱ्याच्या खुर्चीवर फायलीची मराठी आणि पाठ ताठ. दुसऱ्या खुर्चीवर सांगोल्याची, आणि खांदे पडलेले. आम्ही सगळे खाली सतरंजीवर. अंबादासनं तोंडात टॉवेल कोंबला होता. भाभींनी पदर. मीही हसलो, हे लिहून ठेवतो.

“सदर फोन आपण कोठे ठेवला होता?”

उठले, गेले, बसले. “टावेलावर, सायब.”

“याबाबत आपली खात्री आहे काय?”

“व्हय. रोज तितंच ठेवतो की.”

“टॉवेल जागेवर आढळला. त्यावरची घडी मोडलेली नाही. मग फोन टॉवेलावर होता हे कसे मानावे?”

ह्या वेळी समोरच्या खुर्चीवर बसल्यावर ते बोलले नाहीत. आम्ही वाट बघत होतो, पुढचा विनोद येईल म्हणून. त्यांनी स्वतःचा उजवा हात मांडीवर ठेवला, उताणा, आणि त्याच्याकडं बघत राहिले.

“टावेलावर ठेवला हुता, असं वाटतंय,” ते म्हणाले. “पर मग त्यो टावेलावर न्हवता. म्हंजी हातानं एक केलं आन् डोक्यानं दुसरंच धरलं. आठवत न्हाय, सायब.”

ते उठून अधिकाऱ्याच्या खुर्चीवर परत गेलेच नाहीत. निकाल तिथूनच दिला. निष्काळजीपणा, मागणी नामंजूर. आणि हप्ता सगळ्यात जास्त, माझ्याही वर. अंबादास टॉवेल काढून म्हणाला, “मालक, जाऊ द्या की. वारा असंल.” मालक म्हणाले, “टावेल न्हाय उडाला आन् फोन उडाला, असला कसला वारा?” त्यांचा तर्क नेहमीसारखाच पक्का होता. त्यात फक्त एक माणूस कमी होता, आणि तो सतरंजीवर बसला होता.

मला वाटलं होतं, माणूस आठवडाभर चरफडेल आणि दुसरा फोन घेईल. तसं झालं नाही. त्यांनी हाताची चौकशी चालू ठेवली. पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरायला लागले. जिन्याला कठडा असून भिंतीला धरून उतरायला लागले. स्कूटर अंबादासला विकायला दिली. दार लावल्यावर खाली येऊन भाभींना विचारायचे, मी कडी घातली का, जरा बघून या. डॉक्टरनं तपासलं, काही नाही म्हणाला, वयाच्या मानानं हात उत्तम. मालक म्हणाले, डॉक्टरनं चौकशी कुठं केली, नुसता हात दाबला. ज्याला कुणी कधी पटवू शकलं नव्हतं त्याला त्याच्या स्वतःच्या चौकशीनं पटवलं होतं, आता दुसऱ्या कुणाचं कसं पटणार?

मग एका रविवारी त्यांनी भिशी मोडली. सगळ्यांचं ज्याचं त्याला परत केलं. स्वतःच्याच हाताचं सांगता येत नाही, तर दुसऱ्याच्या हाताचा निवाडा कसा करू, एवढंच म्हणाले. आम्ही सुटलो म्हणून वडे आणले. पुढं पावसाळ्यात नसीमभाभींचा फोन यंत्रावरून पडला. त्याच्या पडद्यावर आडवी भेग गेली आहे. भाभी अजून तोच वापरतात. त्यांच्या प्रत्येक गळ्याच्या फोटोवरून ती भेग जाते आणि गिऱ्हाईक विचारतं, हे डिझाइनमध्ये आहे का.

त्या वर्षअखेरीला मालकांची मुलगी त्यांना जेऊरला घेऊन गेली. जाताना बिल्डिंगच्या किल्ल्या त्यांनी माझ्याकडं दिल्या. अंबादास धंद्यात असतो, भाभी बाईमाणूस, असं कारण सांगितलं, आणि वर म्हणाले, “तुमचा हात शांत आहे, अकौंटंट. एकदा चुकला, पण शांत आहे.” तेव्हापासून टाकी धुणं, मीटर, गळती सगळं मी बघतो. जिन्यात चपला सोडतात. मी काही म्हणत नाही.

दर महिन्याला त्यांना फोन करतो. ते मुलीच्या फोनवर बोलतात, ती त्यांच्या कानाला धरते. दरवेळी सांगायचं ठरवून फोन लावतो आणि टाकी धुतल्याचं सांगून बंद करतो. गेल्या हिवाळ्यात ठरवलं की हे समोर बसूनच सांगायचं. सकाळच्या गाडीनं जेऊरला गेलो. स्टेशनापासून त्यांच्या मुलीचं घर लांब नाही. मालक ओट्यावर बसले होते, अंगानं कमी झालेले. मला बघून खूष झाले. बिल्डिंगची चौकशी केली, अगदी पूर्वीसारखी, नळाच्या वायसरपर्यंत.

मुलीनं चहा आणला, म्हणजे मला. त्यांना दूध, ते तिनं पेला धरून पाजलं. तिला नुकतीच मुलगी झालेली. पाळण्यातून उचलून तिनं बाळाला बाहेर आणलं आणि मला म्हणाली, “बघा तुम्हीच सांगा ह्यांना. जन्मल्यापासून एकदापण घेतलं नाही. डॉक्टर म्हणतात काही नाही, तरी घेत नाहीत.”

तिनं बाळ त्यांच्यासमोर धरलं. मालकांनी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यावर बसले.

“नगं,” ते म्हणाले. “माझ्या हातात नगं देऊ. मला कळायचंबी न्हाय कधी सुटलं ते.” मग माझ्याकडं वळून म्हणाले, “अकौंटंट, तुम्ही घ्या. तुम्ही घेतलेलं मी बघतो.”

मी घेतलं. बाळ जड नव्हतं. मालक वाकून तिच्या तोंडाकडं बघत होते, हात मांडीखालीच. त्यांचा चेहरा माझ्या अगदी जवळ होता आणि ओट्यावर दुसरं कुणी नव्हतं, मुलगी आत गेली होती. दोन वाक्यांचं काम होतं. मी म्हणालो, “डोळे तुमच्यासारखे आहेत मालक.”

दुपारच्या गाडीनं परत आलो. बायकोनं विचारलं, कसे आहेत. मी म्हणालो, बरे आहेत.

हे जिथं छापून येईल ते मालकांच्या हाती पडणार नाही, ते आता काही हातात धरत नाहीत. त्यामुळे इथं लिहिलं म्हणून सांगितलं असं होत नाही. जेऊरला परत जाऊन, त्यांच्या समोर बसून, तुमचा हात धड आहे, फोन मी पाडला, हे त्यांना सांगणं माझ्याकडं अजून बाकी आहे.